फेलनी केसच्या निकालाचा कागद: कुठल्या काउंटीत शोधायचा आणि खिडकीवर नेमकं काय मागायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या धाकट्या दिरांना 2009 साली, शिकायला असताना, कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आसपास एका दुकानातून साधारण 600 डॉलरची वस्तू पैसे न देता बाहेर आणल्याबद्दल अटक झाली. दोन-तीनदा कोर्टात जावं लागलं, दंड भरला, काही काळ प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटी पाळत बाहेर राहणं) होतं आणि पुढे वकिलांनी ‘केस पुसून दिली’. आता ते टेक्ससमध्ये असतात. ग्रीन कार्डला पाच वर्षं होऊन गेली, नागरिकत्वाचा एन-400 अर्ज भरायचाय आणि इमिग्रेशन वकील कोर्टाचं ‘सर्टिफाइड डिस्पोझिशन’ मागतायत. केस नंबर आठवत नाही, जुने वकील सापडत नाहीत आणि सासू-सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नसल्यामुळे शोधाशोध तुम्ही दोघांनीच करायची आहे.

पहिलं सांगते, हा कागद मिळवता येतो. मी गेली 18 वर्षं सॅन होजे परिसरात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेशीर कामातली मदतनीस, म्हणून काम करते. मी वकील नाही, त्यामुळे अर्ज भरावा की नाही, हे तुमचे वकीलच सांगतील. पण कोर्टाच्या फायली शोधणं, मागणं आणि वाचणं हे माझं रोजचं काम आहे.

डिस्पोझिशन म्हणजे खटला शेवटी कसा मिटला ते. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला अटकेचा दिवस मिनिटामिनिटाने आठवतो. कुठल्या रंगाची गाडी होती, कोण काय म्हणालं, आईला फोन करावा की नाही. पण शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी काय म्हटलं, ते विचारलं की लोक गप्प होतात. ‘दंड भरला आणि सुटलो’ एवढंच सांगतात. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला मात्र नेमकं ते शेवटचंच हवं असतं. आरोप कोणत्या कलमाखाली होता, गुन्हा कबूल केला की नो काँटेस्ट (‘कबूल करत नाही, पण लढतही नाही’) म्हटलं, शिक्षा किती झाली आणि ती पूर्ण झाली का. पुढचं सगळं हे मनात ठेवून वाचा.

आता काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. तुम्ही लिहिलंय, ‘तेव्हा ते फ्रीमाँटला राहायचे, म्हणून अलामेडा काउंटीत शोधलं, काही सापडलं नाही.’ इथेच बहुतेकांचं चुकतं. माणूस कुठे राहतो यावर काही नसतं. गुन्हा जिथे घडला त्या काउंटीत खटला चालतो. तुमच्या पत्रात दुकान मिल्पिटासला होतं असा ओझरता उल्लेख आहे. फ्रीमाँट आणि मिल्पिटास एकमेकांना लागून आहेत, गाडीने दहा मिनिटं, पण फ्रीमाँट अलामेडा काउंटीत येतं आणि मिल्पिटास सांता क्लारा काउंटीत. तेव्हा तुमची फाईल सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात असणार. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं एकच सुपीरियर कोर्ट. एका काउंटीच्या कोर्टाला शेजारच्या काउंटीच्या फायली दिसत नाहीत, त्यामुळे अलामेडाने ‘काही नाही’ म्हटलं याचा अर्थ फक्त अलामेडात नाही एवढाच. तुमच्या टेक्ससमध्येही हेच आहे. फ्रिस्को गावाचा एक भाग कॉलिन काउंटीत आणि एक डेंटन काउंटीत. गावाच्या नावावर विसंबू नका, घटनेचा पत्ता नकाशावर टाकून काउंटी बघा.

आणखी एक गल्लत. पोलीस स्टेशन, शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख), डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारी वकील) आणि कोर्ट ही चार वेगळी दारं आहेत. पोलिसांकडे अटकेचा अहवाल असतो, शेरीफकडे तुरुंगाची नोंद, डिस्ट्रिक्ट अटर्नीकडे सरकार पक्षाची स्वतःची फाईल. निकालाचा कागद फक्त कोर्टाच्या क्लार्ककडे. मिल्पिटासच्या पोलिसांना कितीही पत्रं लिहिलीत तरी ते डिस्पोझिशन देऊ शकत नाहीत.

‘एवढ्याशा चोरीला फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, कसा?’ असं तुम्ही विचारलंय. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात 400 डॉलरच्या वरची चोरी ग्रँड थेफ्ट, म्हणजे मोठी चोरी, धरली जायची. ती मर्यादा 950 डॉलर झाली ती 2010 च्या जानेवारीत. म्हणजे 600 डॉलरची वस्तू तेव्हा रेषेच्या वर होती, वर्षभराने रेषेच्या खाली गेली असती. शिवाय चोरीच्या इराद्याने दुकानात शिरलं की त्यावर सेकंड डिग्री बर्गलरी (दुसऱ्या दर्जाची घरफोडी) लावायची पद्धत होती. तुमच्या कागदावर ‘बर्गलरी’ शब्द दिसला तर दचकू नका, रात्री कुणाचं घर फोडलं असा त्याचा अर्थ नाही. 2014 च्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रपोझिशन 47 मंजूर केलं तेव्हा दुकानातली 950 डॉलरपर्यंतची चोरी मिसडिमीनर, म्हणजे हलका गुन्हा, म्हणून वेगळी काढली गेली. तुमच्या दिरांचे दोन्ही संभाव्य आरोप ‘वॉबलर’ प्रकारातले, म्हणजे फेलनीही होऊ शकते, मिसडिमीनरही. अशा केसमध्ये सुरुवातीचा आरोप फेलनीचा आणि शेवटची शिक्षा मिसडिमीनरची, हे नेहमी दिसतं. म्हणून नुसतं आरोपपत्र आणून भागत नाही.

केस नंबर नसेल तर नावावरून शोध घ्यायचा. सांता क्लाराच्या सुपीरियर कोर्टाचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे नाव टाकून केस सापडते का ते आधी बघा. पण अपेक्षा बेताची ठेवा. भारतात ई-कोर्ट्सवर घरबसल्या आदेश वाचायची सवय लागलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं, पण कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे फौजदारी केसचे कागद सर्वसामान्य माणसाला घरच्या संगणकावर उघडता येत नाहीत. नोंदींची यादी आणि तारखा दिसू शकतात, मूळ कागद मात्र कोर्टात जाऊनच बघायचा किंवा मागवायचा.

आपल्या नावांचा घोळ तर वेगळाच. अटकेच्या वेळी पोलीस जे टाइप करतो तेच नाव पुढे कोर्टाच्या सूचीत जातं. दीक्षितच्या शेवटी एक टी की टीएच, गायकवाडमध्ये डब्ल्यू की व्ही, क्षीरसागरचा ‘क्ष’ के-एस-एच की एक्स, हे त्या दिवशी समोर कोण बसलं होतं यावर ठरतं. वडिलांचं नाव मधे असतं ते कधी आडनावाला चिकटतं, कधी तेच आडनाव होऊन बसतं. पासपोर्टवर आडनावाची जागा मोकळी असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं. मी शोधायला बसले की आधी कोऱ्या कागदावर नावाची आठ-दहा रूपं लिहून काढते आणि एकेक खोडत जाते. एका सोलापूरच्या मुलाची केस आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडली, ती त्याच्या वडिलांच्या नावाखाली.

जन्मतारीख टाकून शोध का घेता येत नाही, असं तुम्हाला तिथे वाटेल. 2021 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने रिव्हरसाइड काउंटीच्या बाबतीत निकाल दिला की जन्मतारीख किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकून सूचीत शोध घेण्याची सोय कोर्टाने लोकांना देऊ नये. त्यामुळे जोशी, पाटील, कुलकर्णी अशी नावं असली की एकाच नावाच्या तीन-चार केसेस समोर येतात आणि आपली कोणती ते अटकेचा महिना, कोणत्या गावचे पोलीस आणि कलम यांवरून ओळखावं लागतं. हे तीन तपशील दिरांना शांतपणे बसवून आधी लिहून घ्या.

तरीही नाही सापडलं तर उलट बाजूने जायचं. कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याकडून माणसाला स्वतःचा गुन्हेगारी नोंदींचा उतारा मागवता येतो. शुल्क 25 डॉलर, शिवाय ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे. राज्याबाहेर राहणाऱ्याने बोटांचे ठसे कार्डावर घेऊन पाठवायचे. एफबीआयकडूनही असाच उतारा 18 डॉलरला मिळतो. या उताऱ्यात अटकेची तारीख, अटक करणारं खातं, कोर्ट आणि बहुतेक वेळा केस नंबर असतो. पण एक लक्षात ठेवा, हा उतारा फक्त ज्याचा त्यालाच मिळतो, तुम्ही त्यांच्या वतीने मागवू शकत नाही. आणि हा उतारा म्हणजे डिस्पोझिशन नव्हे. त्यात निकालाचा रकाना कितीदा तरी रिकामाच असतो. तो फक्त वाट दाखवतो. नागरिकत्वाच्या अर्जात ठसे घेतले जातात, त्यामुळे अटक लपून राहील ही आशा कुणी धरू नये.

कोर्टाची फाईल मात्र सार्वजनिक असते. ती तुम्हीही मागू शकता, कारण सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1978 च्या निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स या खटल्यात कोर्टाचे कागद बघण्याचा आणि त्यांची प्रत घेण्याचा लोकांचा सर्वसाधारण हक्क मान्य केलेला आहे. त्याला अपवाद आहेत. अल्पवयीन मुलांच्या केसेस, सील केलेल्या नोंदी, काही गोपनीय अहवाल. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल कॅलिफोर्नियात निकालानंतर 60 दिवसच सर्वांसाठी खुला असतो, मग तो आपसूक मिळत नाही.

यावरून आठवलं. आपली बरीच मंडळी इथे माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करायला जातात, फॉया कायद्याचं नाव घालून. फॉया हा केंद्र सरकारच्या खात्यांसाठी आहे, कोर्टांना तो लागू होत नाही. भारतातही 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात हेच म्हटलं की न्यायालयीन फायलीतली नक्कल हवी असेल तर त्या कोर्टाच्या नियमांनी अर्ज करा, माहिती अधिकाराचा रस्ता धरू नका. तेव्हा नक्कल विभागात जायची आपली जुनी सवयच इथे बरोबर ठरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मागायचं काय. खिडकीवर जाऊन ‘पूर्ण फाईल द्या’ म्हटलंत तर पानांचा गठ्ठा आणि बिल हातात येईल. ‘डिस्पोझिशन द्या’ म्हटलंत तर समोरचा त्याला वाटेल ते एक पान देईल. म्हणून कागदांची नावं घ्यायची. पहिला, कम्प्लेंट, म्हणजे सरकार पक्षाने दाखल केलेलं मूळ आरोपपत्र, आणि त्यात नंतर बदल झाला असेल तर बदललेलं आरोपपत्रसुद्धा. केस प्रिलिमिनरी हिअरिंगच्या (प्राथमिक सुनावणीच्या) पुढे गेली असेल तर ‘इन्फर्मेशन’ नावाचं दुसरं आरोपपत्र असतं. दुसरा, प्ली फॉर्म, ज्यावर दिरांनी प्रत्येक चौकटीत आद्याक्षरं टाकून सही केली असेल. गुन्हा नेमका कोणत्या शब्दांत कबूल केला हे त्यात असतं आणि इमिग्रेशन वकिलाची नजर आधी तिथेच जाते. तिसरा, शिक्षेच्या दिवसाची मिनिट ऑर्डर. आपल्या रोजनाम्यासारखीच ती असते, त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची क्लार्कने केलेली नोंद. चौथा, केस ‘पुसली’ त्याचा आदेश. पाचवा, रजिस्टर ऑफ ॲक्शन्स, म्हणजे केसमधल्या सगळ्या तारखांची आणि नोंदींची यादी. कुणीतरी ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’ मागा असं सांगेल. तो कागद तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल तर तयार होतो, प्रोबेशनवाल्या केसमध्ये बहुधा नसतोच. तो नाही म्हणून घाबरू नका.

मिनिट ऑर्डरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात मी स्वतः पोळले आहे. एका काउंटीच्या कोर्टात मी टपालाने ‘सर्टिफाइड मिनिट ऑर्डर’ एवढंच लिहून पाठवलं. महिन्याने शिक्का मारलेला, व्यवस्थित कागद आला. आम्ही तो तसाच वकिलांकडे दिला. तो पहिल्या हजेरीच्या दिवसाचा होता. त्यावर लिहिलं होतं, आरोपीने आरोप नाकारला, पुढची तारीख अमुक. मुलाखतीच्या टेबलावर अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, ‘मग पुढे काय झालं?’ त्या कुटुंबाचे पुढचे तीन महिने दुसरा कागद येण्याची वाट बघण्यात गेले. तेव्हापासून मी आधी रजिस्टर ऑफ ॲक्शन्स काढते, पेन्सिलीने शिक्षेच्या तारखेवर खूण करते आणि ‘अमुक तारखेची मिनिट ऑर्डर’ असंच लिहिते.

शक्य असेल तर एकदा स्वतः जा. सांता क्लाराच्या फेलनी केसेस सॅन होजेला वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये चालतात. शेजारीच काउंटीचा मुख्य तुरुंग आहे आणि गाडी नसेल तर नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरची लाइट रेल जवळ पडते. दाराशी विमानतळासारखी तपासणी, पट्टा काढा, किल्ल्या ट्रेमध्ये ठेवा. सकाळी लवकर जा, कारण आरोपी, वकील, जामीनदार, सगळे एकाच दारातून आत येतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारी सांगलीचे एक आजोबा उभे होते, मुलाच्या कामासाठी आलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात घडी घालून ठेवलेली 2006 सालची दंडाची पावती. त्यांना वाटत होतं पावती फार जुनी झाली, कामाची नाही. क्लार्कने ती सरळ केली, वरच्या कोपऱ्यातला नंबर वाचला आणि दोन मिनिटांत केस उघडली. तेव्हा घरातला जुना कागद, जामिनाची पावती, वकिलाच्या फीचा चेक, काहीही असो, फेकू नका. त्यावर नंबर असतो.

प्रत हातात आली की खिडकीवरून हलायच्या आधी ती तपासा. साधी झेरॉक्स आणि सर्टिफाइड प्रत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सर्टिफाइड प्रतीवर क्लार्कचं प्रमाणपत्र असतं, मूळ कागदाची ही पूर्ण, खरी आणि बरोबर प्रत आहे असं सांगणारं, खाली तारीख, सही आणि कोर्टाचा शिक्का. काही कोर्टांत तो शिक्का दाबून उठवलेला असतो, बोट फिरवलं की हाताला लागतो. झेरॉक्सवर तुम्ही नोटरीचा शिक्का मारून आणलात तर ती सर्टिफाइड होत नाही. नोटरी कोर्टाच्या कागदाची हमी देऊ शकत नाही.

तुम्ही टेक्ससला आहात, त्यामुळे टपालाने मागवणं सोयीचं. पत्र इंग्रजीत, एका पानाचं, टाइप केलेलं. त्यात आरोपीचं पूर्ण नाव आणि नावाची इतर रूपं, केस नंबर किंवा निदान वर्ष आणि अटकेचं गाव, हवे असलेल्या प्रत्येक कागदाचं नाव, ‘प्रत्येकाची सर्टिफाइड प्रत हवी’ हे ठळक, आणि तुमचा फोन नंबर. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं मोठं पाकीट. ते नसलं म्हणून अर्ज पडून राहिलेले मी बघितलेत. पैशांचं काय? कॅलिफोर्नियात साध्या प्रतीला पानामागे 50 सेंट, एका कागदाच्या सर्टिफिकेशनला 40 डॉलर आणि शोधाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आणखी 15 डॉलर. रक्कम आधी कळत नाही म्हणून चेकवर आकड्याची जागा मोकळी ठेवून ‘अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही’ अशी मर्यादा लिहायची पद्धत आहे. पाठवण्याआधी त्या कोर्टाला फोन करून असा चेक चालतो का आणि दर बदललेत का, ते विचारा. चार-पाच कागद सर्टिफाय करायचे म्हटले तर 200 डॉलरच्या आसपास जातात, तेव्हा वकिलांना आधी विचारून घ्या, कोणते सर्टिफाइड हवेत आणि कोणते साधे चालतील.

न्यायाधीश आणि वकील तोंडी काय बोलले त्याचा शब्दशः उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, क्लार्कच्या फाईलमध्ये सहसा नसतो. तो कोर्ट रिपोर्टरकडून वेगळा करून घ्यावा लागतो, महाग असतो, आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

आता ‘केस पुसली’ या शब्दाकडे येते, कारण सगळ्यात जास्त नुकसान या एका शब्दाने होतं. कॅलिफोर्नियात प्रोबेशन नीट पार पाडल्यावर दंडसंहितेच्या 1203.4 कलमाखाली अर्ज करता येतो. कोर्ट कबुली मागे घेऊ देतं आणि केस डिसमिस करतं. नोकरीसाठी याचा चांगला उपयोग होतो. पण फाईल नाहीशी होत नाही, तिच्यात डिसमिसलच्या आदेशाची भर पडते. आणि इमिग्रेशन कायद्याची दोषसिद्धीची स्वतःची व्याख्या आहे, 1996 पासूनची. गुन्हा कबूल केला किंवा नो काँटेस्ट म्हटलं आणि कोर्टाने काहीतरी शिक्षा किंवा बंधन घातलं, एवढं झालं की त्यांच्या दृष्टीने ती दोषसिद्धी. नंतर 1203.4 खाली डिसमिस झाली तरी ती तशीच धरली जाते. एन-400 मध्ये अटकेबद्दलचा प्रश्न सील केलेल्या, पुसलेल्या केसेसनाही धरून आहे. तेव्हा तिथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे जुन्या चुकीत खोटेपणाची नवी भर. दिरांना हे तुम्ही स्पष्ट सांगा. आणि ग्रीन कार्डच्या अर्जात ही अटक लिहिली होती का, हेही आत्ताच विचारा. उत्तर काही असो, वकिलांना ते पहिल्या भेटीत कळलं पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग वकिलांनी ते वाचणं, मग अर्ज. चोरीच्या गुन्ह्याचे इमिग्रेशनमध्ये वेगळे परिणाम असतात, आणि कधी कधी नागरिकत्वाचा अर्ज केल्यानेच बाकीचं प्रकरण उघडं पडतं. वकिलांना कागद बघून वाटलं की कबुली देताना इमिग्रेशनचे परिणाम दिरांना नीट समजलेच नव्हते, तर कॅलिफोर्नियात 2017 पासून 1473.7 या कलमाखाली जुनी दोषसिद्धी रद्द करून मागता येते. तो रस्ता 1203.4 पेक्षा वेगळा आहे. त्यासाठीही लागतो तो हाच प्ली फॉर्म आणि हीच मिनिट ऑर्डर.

समजा क्लार्क म्हणाला, ‘अशी केस नाही.’ तरी थांबू नका. कॅलिफोर्नियात काही जुन्या शिक्षांना आता आपोआप दिलासा दिला जातो, आणि अशा केसची माहिती कोर्ट तिऱ्हाइताला देत नाही, ज्याची केस त्याला देतं. तुम्ही वहिनी म्हणून विचारलंत तर ‘नाही’, दिरांनी ओळखपत्र दाखवून विचारलं तर ‘आहे’, असं होऊ शकतं. दुसरी शक्यता म्हणजे फाईल खरंच नष्ट झाली. कॅलिफोर्नियात फेलनीची फाईल साधारणपणे 50 वर्षं ठेवतात, मिसडिमीनरची बहुतेक वेळा पाचच वर्षं. फेलनी खाली उतरून मिसडिमीनर झाली असेल तर 50 वर्षांचा भरवसा धरू नका. फाईल नसेल तर ‘शोध घेतला, नोंद उपलब्ध नाही’ असं कोर्टाच्या लेटरहेडवरचं सर्टिफाइड पत्र घ्या. इमिग्रेशनसाठी ते पत्र लागतं. तोंडी ‘नाही मिळत’ चालत नाही. सोबत न्याय खात्याचा उतारा जोडा.

ज्यांची केस 1998 च्या आधीची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. तेव्हा कॅलिफोर्नियात म्युनिसिपल कोर्टं वेगळी होती. फेलनी आधी तिथे यायची, मग सुपीरियर कोर्टात. त्यामुळे एकाच केसला दोन नंबर सापडू शकतात. दोन्ही द्या.

इतर राज्यांत नावं बदलतात. टेक्ससमध्ये 254 काउंट्या आहेत, फेलनीचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि मिसडिमीनरचे काउंटी क्लार्ककडे, त्यामुळे एकाच इमारतीत चुकीच्या खिडकीवर उभं राहून लोक रिकाम्या हाताने परततात. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनच्या आपल्या मंडळींकडे, ‘फेलनी’ हा शब्द कायद्यात वापरतच नाहीत. तिथे ‘इंडायटेबल’ गुन्हे म्हणतात, ते काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातात आणि किरकोळ प्रकार गावाच्या म्युनिसिपल कोर्टात. न्यूयॉर्कमध्ये राज्यभराचा नावावरून शोध 95 डॉलरला मिळतो. पेनसिल्व्हेनियात केसची नोंदयादी ऑनलाइन फुकट दिसते. आणि खटला केंद्र सरकारचा असेल तर काउंटीच्या कोर्टात काहीच सापडणार नाही. तो केंद्राच्या कोर्टांच्या पेसर या ऑनलाइन प्रणालीवर असतो, पानाला 10 सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त 3 डॉलर.

पैसे घेऊन ‘पूर्ण गुन्हेगारी इतिहास’ देणाऱ्या वेबसाइट्सबद्दलही तुम्ही विचारलंत. या कामासाठी त्यांचा काडीचाही उपयोग नाही. त्यांच्याकडे कुणाची तरी जुनी यादी असते, आरोप दिसतो आणि तो पुढे डिसमिस झाला हे दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एका आईचा फोन आला होता. मुलीसाठी बे एरियातलं स्थळ आलं होतं, तिने अशाच साइटवरून अहवाल काढला, त्यात फेलनी दिसली आणि घरात रडारड झाली. मी कोर्टात जाऊन ती फाईल उघडून बघितली. नाव, आडनाव तेच, पण आरोपी त्या मुलापेक्षा बावीस वर्षांनी मोठा होता. कुणाच्या संसाराचा, नोकरीचा किंवा भाड्याच्या घराचा निर्णय अशा कागदावर घेऊ नका. भाडेकरू किंवा नोकर ठेवण्यासाठी अशी तपासणी करायची असेल तर त्याला लेखी संमतीचे आणि इतर वेगळे कायदे लागू होतात, ते आधी विचारून घ्या.

पाकीट आलं की तीन गोष्टी बघा. प्रत्येक कागदावर केस नंबर एकच आहे का, मिनिट ऑर्डरची तारीख शिक्षेच्या दिवसाची आहे का, आणि प्रमाणपत्रावर सही आहे का. प्रोबेशन संपल्याचा आणि दंड भरल्याचा उल्लेख कुठेच नसेल तर तेवढ्यासाठी पुन्हा पत्र लिहा, मुलाखतीत ते विचारतात. स्कॅन करताना कागदांची पिन काढू नका. पानं सुटी झाली की प्रमाणपत्र कोणत्या पानांचं, हा प्रश्न उभा राहतो. आणि पैसे परवडत असतील तर दोन संच मागवा, एक वकिलांकडे आणि एक दिरांच्या स्वतःच्या कपाटात.